उजवा गाल

नेस्टलर छापांवर कॉफीचा कप ठेवतो. छाप कुणाचाही असो. क्रॉइत्स चर्चच्या मागे त्याचं छापचित्रांचं दुकान आहे. तिथे मी इतकी वर्षं जातोय, आणि माझ्या कितीतरी कामांवर त्याच्या कपाची तपकिरी गोल खूण उमटलेली मी निमूट पाहिली आहे. त्या दिवशी त्याने तळहाताहून थोडा मोठा एक कागद माझ्यापुढे सरकवला आणि कप हातातच धरून उभा राहिला. मला पहिला धक्का बसला तो त्या कपाचा. चित्राकडे मी अजून धड पाहिलंही नव्हतं.

“झायफर्टसाहेब, तुम्ही लबाड आहात,” तो म्हणाला. “असलं काहीतरी करून ठेवायचं आणि गठ्ठ्यात मध्येच सरकवून द्यायचं. वर तुमची गाढवं, खाली पडका पूल, आणि मध्ये हे. निदान आधी सांगावं, बाबा रे, खुर्चीवर बसून बघ म्हणून.”

“आवडलं?”

“आवडलं काय विचारता. म्हातारा आहे त्यात, तो मी लगेच ओळखला. खिडकी त्याची, अंधार त्याचा, बाहीवरच्या रेघाही त्याच्याच. पण म्हातारा थोडा वेळ थांबतो आणि निघून जातो. बाई राहते.” त्याने कॉफीचा घोट घेतला. “तुम्हीच ना?”

मी मान हलवली.

कशी हलवली ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यातून निघालं. माझा धंदा नकलेचा आहे. ड्रेस्डेनमध्ये हे कुणापासून लपलेलं नाही, दरबारात माझी जी जागा आहे ती त्याचीच आहे. डच हवा, डच देतो. इटालियन हवा, इटालियन. फ्रेंच बागा, झोपाळ्यावरच्या बायका, निळसर झाडं, हवं ते. सर्वांत जास्त मागणी म्हाताऱ्याला. म्हातारा म्हणजे ॲम्स्टरडॅमचा तो, मरून शंभर वर्षं होत आली तरी ज्याचे छाप अजून पुरत नाहीत. आम्ही धंद्यातले लोक त्याचं नाव घेत नाही, घरातल्या कर्त्या पुरुषाचं घेत नाहीत तसं. गिऱ्हाईक विचारतं, हे म्हाताऱ्याचं की तुमचं? तेव्हा मी हनुवटी जराशी खाली नेतो, डावीकडे झुकवतो, पापण्या मिटतो आणि थांबतो. त्यात हो नसतं, नाहीही नसतं. गिऱ्हाईक खूश होतं. ती मान अंगात इतकी मुरली आहे की नेस्टलरने विचारलं आणि ती आपली आपण हलली. हनुवटीवर सकाळच्या वस्तऱ्याचा काप होता, तो कॉलरला घासला आणि चुरचुरला.

मग मी चित्र पाहिलं. ती माझी बायको होती.

नाही, हे घासून काढतो, पत्र्यावरची चुकलेली रेघ काढतात तसं. असं एकदम दिसलं नाही. आधी मला रेघा दिसल्या. मला माणसाआधी रेघा दिसतात. खिडकीशी टेबल, टेबलाशी बाई, अर्धा चेहरा काळोखात, आणि काळोख नुसता काळा नाही, त्यात जाळीवर जाळी टाकून खोल नेलेला, तरी आत हवा खेळती. मला वाटलं, हे कधी केलं मी? खरंच वाटलं. क्षणभर आनंदही झाला, जुन्या कोटाच्या खिशात काहीतरी सापडावं तसा. मग गालावरचा डाग दिसला, आणि मग सिबिल दिसली. तिने माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे म्हणजे कागदातून बाहेर, जिथे मी उभा होतो तिथे. भुवया किंचित जवळ, ओठ किंचित उघडे, सगळा चेहरा समोरच्यात बुडालेला. इतक्या वर्षांच्या संसारात तिने माझ्याकडे असं पाहिलेलं नाही. ती माझ्याकडे बघते ती सूप गार होतंय म्हणून.

“सही तेवढी नाही,” नेस्टलर म्हणत होता. “तांब्याचा पत्रा आणा, खाली सही टाकून आणा, बाकीचे छाप मी काढून घेतो. दरबारच्या चित्रसंग्रहाचे व्यवस्थापक नोव्हेंबरात मार्टिनच्या सणाआधी येऊन जाणार आहेत. त्यांना हेच चिटोरं दाखवलंय मी. काय म्हणाले सांगू? म्हणाले, आमच्याकडे झायफर्टने केलेले म्हातारे ढीगभर आहेत. हा मात्र झायफर्ट दिसतो. हा आम्हाला हवा.” त्याने कप खाली ठेवला, माझ्या पडक्या पुलावर. “अभिनंदन म्हणायचं की काय म्हणायचं तुम्हाला, या वयात?”

मी तो छाप मागून घेतला, कोटाच्या आत ठेवला आणि बाहेर पडलो.

तो डाग सिबिलच्या उजव्या डोळ्याखाली आहे, गालाच्या हाडावर, वाटाण्याएवढा, बाकीच्या कातडीपेक्षा फिकट. तिचा बाप नकाशे कोरायचा. त्याच्या कारखान्यात खेळताना तेजाबाचा थेंब उडाला होता. मी तिच्यासमोर जेवायला बसतो तेव्हा तो डाग मला माझ्या डाव्या हाताला दिसतो. छापातही तो डाव्या हातालाच होता. एल्बे नदीवरच्या पुलावर मी मधोमध थांबलो, मागून येणाऱ्या पाटीवाल्याने शिवी दिली, आणि मला कळलं की मला खटकतंय ते हेच. कारण तांब्याचा पत्रा सगळं उलटं करतो. माणूस समोर बसवून पत्र्यावर काढला की कागदावर त्याची डावी बाजू उजवीकडे जाते. म्हाताऱ्याने याची कधी पर्वा केली नाही, म्हणून मीही करत नाही. पण ज्याला माणूस जसाच्या तसा हवा असतो, तो माणसाशेजारी आरसा लावतो आणि आरशातल्या चेहऱ्याकडे बघून काढतो. दोनदा उलटलं की सुलट होतं. म्हणजे कुणीतरी माझ्या बायकोला खिडकीशी बसवलं होतं. शेजारी आरसा लावला होता. मान दुखेपर्यंत त्यात बघत राहिला होता. तिचा डाग तिच्या उजव्याच गालावर राहावा याची त्याला एवढी काळजी होती.

ती काळजी मला सहन होईना. मी सिबिलला कितीदा तरी काढली आहे. बायबलातली मेरी म्हणून, हागार म्हणून, विहिरीवरची म्हणून, मासेवाली म्हणून. डाग एकदाही काढला नाही. म्हाताऱ्याच्या बायकांना डाग नव्हता.

पूल ओलांडेपर्यंत मी त्या माणसाला पाहत होतो. मला साधं पाहता येत नाही, कुणाच्या तरी हातानेच पाहता येतं, म्हणून आधी तो मला म्हाताऱ्याच्या पद्धतीत दिसला. सगळी खोली काळी, उजेड फक्त दोन ठिकाणी, तिच्या गालावर आणि त्याच्या मनगटावर. चेहरा सावलीत गेलेला, म्हाताऱ्याने तो मुद्दाम घातलेला. मनगट मात्र तरुण. मग तेच फ्रेंच पद्धतीत: बाग, संगमरवरी पुतळा, ती हिरवळीवर बसलेली, रेशीम पसरलेलं, तो झाडाआडून वाकलेला, दोघांचे कान लाल. हे हास्यास्पद होतं. सिबिलकडे रेशीम नाही. मग हॉलंडच्या त्या स्वयंपाकघरवाल्या चित्रकारांच्या पद्धतीत: ती मासा साफ करतेय, तो दाराशी, मांजराचं लक्ष माशाकडे, त्याचं तिच्याकडे, आणि मागच्या अंधाऱ्या बोळातून टोपी घातलेला एक नवरा घरी येतोय, नखाएवढा, गंमत म्हणून घातलेला. तिथे मात्र मी थांबलो. कारण ते घर माझं होतं आणि बोळ चढून मी वर चाललो होतो.

सिबिल तिच्या टेबलाशी अक्षरं कोरत होती. माझ्या सगळ्या पत्र्यांवरची अक्षरं तीच कोरते, शीर्षक, अर्पण, सही. बापाकडे शिकलेली. उजवीकडून डावीकडे उलट लिहिते ती, बाजाराची यादी लिहावी इतक्या सहज. माझी सही म्हणून सॅक्सनीत जी ओळखली जाते ती तिच्या हातची आहे.

“आलात? पाय पुसा,” ती मान वर न करता म्हणाली. “नेस्टलर काय म्हणाला?”

“काय म्हणणार. गाढवं आवडली त्याला.”

“बाकी काही?”

“पुलावर कप ठेवला.”

“हं,” ती म्हणाली. तिने अक्षरातलं कोरलेलं तांबं फुंकरीने उडवलं आणि पुढचं अक्षर घेतलं. ते संपल्यावर म्हणाली, “बटाट्याचं सूप आहे. गार होईल.” आणि माझ्याकडे पाहिलं, नेहमीसारखं.

मी तिच्या कानाच्या पाळीकडे बघत सूप प्यायलो.

मला जिवंत माणसांचा हेवा करायची सवय नाही. मेलेल्यांचा आहे. विशीत होतो तेव्हा एका मंत्र्याच्या दिवाणखान्यात जेवणानंतर मला उभं करायचे. पाहुणे नावं ओरडायचे, अमक्याचं काढा, तमक्याचं काढा, आणि मी मिठाया संपायच्या आत काढून दाखवायचो. टाळ्या पडायच्या. नाचणाऱ्या अस्वलालाही पडतात. एकदा एक म्हातारी बाई, कानाने अधू, सगळ्यांचं संपल्यावर मोठ्याने म्हणाली, “आता या मुलाला त्याचं स्वतःचं काहीतरी काढू द्या ना.” सगळे हसले. मीही हसलो. हातात ब्रश होता आणि समोर कोरं कापड. मी त्याकडे पाहिलं तर तिथे रांगेने सगळे उभे होते, म्हातारा, इटालियन, फ्रेंच, खांद्याला खांदा लावून, आत शिरायला फट नव्हती. पुढे दरबाराने मला रोमला पाठवलं, तिथून मी लवकरच परत आलो. प्रकृतीला हवा मानवली नाही असं सांगितलं. खरं तर तिथली टेकडी बघावी तर तीही कुणीतरी आधीच काढून ठेवलेली होती. मेलेल्यांचा हेवा सोसतो. ते पुढे जात नाहीत. आपण त्यांच्या अधिकाधिक जवळ जात राहतो आणि ते तिथेच असतात. हा जो कुणी होता तो जिवंत होता, माझ्या घरात येऊन गेला होता, आणि त्याने म्हाताऱ्याकडून खिडकी नि काळोख मागून घेऊन मधल्या जागेत स्वतः बसून दाखवलं होतं. माझ्या बायकोचा हेवा वाटत होता की माझ्या जागेचा, हे मला वेगळं करता येत नव्हतं. येत नाही अजून.

दुसऱ्या दिवशी ती बाजारात गेल्यावर मी घरातला कारखाना धुंडाळला. पत्रा सापडला तर माणूस सापडणार होता. आणि पत्रा नुसता त्याला पकडायला नको होता मला, हे सांगितलंच पाहिजे. नेस्टलरला द्यायलाही हवा होता. एकाच वेळी दोन्ही. भिंतीशी माझे जुने पत्रे ओळीने उभे असतात, एक एक ओढून पाहिला. पुरातून जाणारी गुरं. संन्यासी. पुन्हा गाढवं. सगळे माझे, म्हणजे सगळे दुसऱ्यांचे. सिबिलच्या टेबलाच्या खणात सुया, मेणाचा गोळा, सुकलेली सफरचंदाची साल. दाढी करायला गेलो तर आरसा पुन्हा खुंटीवर नव्हता. शरद लागल्यापासून हे असंच चाललं होतं. आरसा कधी खिडकीत सापडायचा, कधी तिच्या टेबलावर, आणि मी घाईत अंदाजाने वस्तरा फिरवून हनुवटी कापून घ्यायचो. खिडकीत आरसा सापडला तेव्हा मी तो हातात घेऊन उभा राहिलो. त्याने माझाच आरसा वापरला होता. जिच्याकडे बघायचं ती माझी, ज्यात बघायचं तोही माझा.

आरशाचा उपयोग मी आयुष्यात एकालाच शिकवला आहे. हाउबोल्डला.

हाउबोल्ड तिशी ओलांडलेला, देखणा, आळशी. माझ्याकडे शिकला आणि आता माइसनच्या कारखान्यात चिनी मातीच्या भांड्यांवर फुलं काढतो. महिन्यातून एखाद्या रविवारी नदीने येतो. येताना कारखान्याने बाद केलेला एखादा कप आणतो, पाकळी वाकडी झालेला, आणि सिबिलला म्हणतो, “उस्तादीणबाई, हा तुमच्यासाठी राजाच्या पंगतीतून उचलला.” सिबिल हसते. त्याच्या बोलण्यावर ती हसते तेव्हा मागचे दात दिसतात. त्यानंतरच्या रविवारी तो आला, तेव्हा मी ते दात मोजल्यासारखे बघत बसलो.

“कॉफी तुमची तशीच आहे अजून,” हाउबोल्ड कपात डोकावून म्हणाला. “तळाचं फूल दिसतंय. बरं झालं, मी काढलेलं आहे ते.”

“दिसावं म्हणूनच पातळ केलीये,” सिबिल म्हणाली. “नाहीतर तुझी फुलं कोण बघणार?”

“ऐका, उस्ताद. घरात बोलावून अपमान.”

“तू कशाला येतोस मग?” मी म्हणालो. हसत म्हणायचं होतं. तसं निघालं नाही. दोघांनीही माझ्याकडे पाहिलं. सिबिलने ताटातला केकचा तुकडा उगाच नीट केला.

“चल, एक पत्रा दाखवतो,” मी त्याला म्हणालो, आणि कारखान्यात नेऊन दार लावलं. कोटाच्या आतून छाप काढला आणि त्याच्या हातात दिला. त्याच्या चेहऱ्यावर नजर रोखून उभा राहिलो. पापणी हलली असती तरी मला पुरे होतं.

त्याने खिडकीशी जाऊन बराच वेळ पाहिलं. आपल्या कामाकडे माणूस एवढा वेळ बघत नाही, हे मला तेव्हा सुचायला हवं होतं.

“कुणी काढलं हे?”

“तू सांग.”

“मी?” त्याला आधी कळलं नाही. मग कळलं. तो लाल झाला नाही, उलट त्याचा चेहरा केविलवाणा झाला. “उस्ताद, मला असं येत असतं तर मी जन्मभर बशांवर गुलाब काढत बसलो असतो का?”

“आरसा तुला मी शिकवला.”

“शिकवलात आणि मी विसरलो. गुलाबाला डावं काय नि उजवं काय.” तो पुन्हा छापाकडे वळला. “आणि तुम्ही उगाच शोधताय. उस्तादीणबाई कुणासाठी बसलेल्याच नाहीत.”

“म्हणजे?”

“बसलेली बाई अशी बघत नाही. तिच्या पायाला मुंग्या आलेल्या असतात, चुलीवर काय ठेवलंय ते डोक्यात असतं. कितीजणी बसवल्यात तुम्ही, कधी कुणी असं बघितलं? ही काम करतेय.” त्याने बोट कागदाला न लावता ओठांवरून फिरवलं. “तुम्ही सुई धरता ना, तेव्हा अगदी असे दिसता. भुवया अशा, तोंड जरासं उघडं. थोडे मठ्ठ, राग मानू नका. तुमच्यामागे बसून वर्षानुवर्षं बघितलाय मी हा चेहरा. तुम्ही कुठे बघणार.”

मी टेबलाच्या कडेवर बसलो.

हे घासून काढतो, आणि पुन्हा लिहितो, आणि ते तसंच येतं: मी टेबलाच्या कडेवर बसलो. आरसा शेजारी नव्हता. समोर होता. एक बाई आरशासमोर बसली होती, उजवा गाल आरशात उजवीकडे पाहत होती, पत्र्यावर उजवीकडे काढत होती, आणि छापताना तो आपोआप सुलट झाला. कुणाला कसली काळजी घ्यावीच लागली नाही. लहान पोरालाही सुचलं असतं. मला सुचलं नाही, कारण मी पुरुष शोधत होतो.

“उस्तादीणबाईंना सांगू का, तुम्हाला काय वाटलं ते?” हाउबोल्ड दाराशी जाऊन म्हणाला. “हसतील तरी.”

“नको सांगूस.”

“नाही सांगत,” तो म्हणाला. “मी आपला लवकरच्या नावेने जातो.”

मला वाटलं होतं की आता हलकं वाटेल. नवऱ्याला वाटायला हवं. खोलीतून तो तरुण मनगटाचा माणूस उठून गेला होता, बाग गेली, मांजर गेलं, बोळातला टोपीवाला नवराही गेला. पण हेवा गेला नाही, फक्त त्याला आता तोंड मिळालं. प्रियकराशी मारामारी करता येते, त्याला नावेत बसवून देता येतं. जी बाई रोज माझी सही कोरते, माझी शाई घोटते, माझे छाप दोरीवर वाळत घालते, ती त्या सगळ्याच्या मधल्या वेळात, सूप उकळेपर्यंत, खिडकीत आरसा टेकवून बसली होती आणि आत शिरली होती. जिथे मला फट सापडली नाही तिथून. मला तिला विचारायचं होतं की कुठून शिरलीस. दुसरं काहीच विचारायचं नव्हतं. आणि ते विचारलं तर तिला काय सांगता येणार होतं?

स्वयंपाकघरात ती एकटीच कप विसळत होती.

“हाउबोल्डला काय म्हणालात तुम्ही? केकही न घेता गेला.”

मी छाप टेबलावर ठेवला. तिने हात पुसले. छापाकडे पाहिलं, आणि कोपऱ्यावर पाण्याचा थेंब पडला होता तो ॲप्रनच्या टोकाने टिपून घेतला, आपल्या वस्तूला लावावा तसा हात लावून.

“कोटात ठेवून चुरगळलात,” ती म्हणाली. “गठ्ठ्यात मीच घातला होता. नेस्टलर कप ठेवतो का बघायचं होतं.”

“नाही ठेवला.”

“नाही ठेवला?” तिच्या कानाच्या पाळ्या गुलाबी झाल्या. तिने तोंड दुसरीकडे केलं, मग परत केलं. “कुणाचं म्हणाला?”

“आधी म्हाताऱ्याचं. मग माझं.”

“आणि तुम्ही काय म्हणालात?”

“मी मान हलवली.”

“कशी?”

“कशी म्हणजे?”

“दाखवा ना. कशी हलवलीत?”

बाहेर रविवारच्या दुपारच्या प्रार्थनेची घंटा होत होती. मी उभा राहिलो आणि हलवून दाखवली. नेहमीसारखी झाली नाही. खोटी झाली. सिबिलने डोकं बाजूला करून नीट पाहिलं. मग तिने हनुवटी जराशी खाली नेली, डावीकडे झुकवली, पापण्या मिटल्या, थांबली. हुबेहूब. माझ्यापेक्षा चांगली. मला कळलं की मी ज्या ज्या मेलेल्यांच्या नकला केल्या त्यांना जागं करून दाखवल्या असत्या तर त्यांना काय वाटलं असतं.

“दरबाराला हवंय,” मी म्हणालो. “झायफर्टचं म्हणून. पत्र्यावर सही टाकून.”

“सही तर मीच करते.”

“हो.”

“मग त्यात काय.” ती कारखान्यात गेली. भिंतीशी उभ्या पत्र्यांतली माझी गाढवं तिने बाहेर काढली, उलटी केली आणि टेबलावर ठेवली. गाढवांच्या पाठीवर ती होती, तांब्यात, उलटी, खिडकीशी. मी त्या दिवशी हाच पत्रा ओढून पाहिला होता, पुढून. “नवं तांबं मागितलं असतं तर कशाला म्हणून विचारलं असतंत,” ती म्हणाली.

पत्र्याच्या खालच्या पट्टीत अक्षरं होती, अजून उथळ, नुसती आखलेली. मला उलटं वाचता येतं. त्यात झायफर्ट नव्हतं. सिबिल ओर्लिश होतं, तिच्या बापाचं आडनाव, आणि पुढे एक लहानसा शब्द, आम्ही सगळे नावापुढे लिहितो तो: केलं. मी सुई उचलली. का उचलली ते मला माहीत आहे. त्या उथळ अक्षरांवर घासणी एकदा फिरवली असती तर तांबं पुन्हा गुळगुळीत झालं असतं, आणि ओर्लिशच्या जागी झायफर्ट मावलं असतं, अक्षरंही फार कमी-जास्त नव्हती. घासणी तिथेच शेजारी होती. तिने ती पाहिली, माझा हात पाहिला, आणि अडवलं नाही. फक्त बघत राहिली, की याचं काय होतंय.

मी सुई तिच्यापुढे केली.

“खोल कर,” मी म्हणालो. “इतकं उथळ छापात येणार नाही. नेस्टलरला मी सांगतो उद्या.”

“काय सांगाल?”

“माझी मान चुकली म्हणून.”

ती हसली नाही. खुर्ची खिडकीशी ओढून बसली, पत्रा मांडीवर घेतला. मग म्हणाली, “अक्षरं नंतर करीन. उजेड आहे तोवर डोळा एक जरा दुरुस्त करायचाय, डावा, मेला सरकलाय. आरसा द्या. इथे टेकवला की घसरतो. तुम्हीच धरा की.”

मी आरसा खुंटीवरून आणला आणि तिच्यासमोर उभा राहून छातीशी धरला.

“थोडा वर. अं हं, एवढा नको. हां.”

आणि तिने पाहिलं. भुवया जवळ आल्या, ओठ किंचित उघडले, कानाची पाळी, सूप, माझी चिखलाची पावलं, सगळं चेहऱ्यावरून निघून गेलं. ती नजर मी इतके दिवस कोटात घेऊन फिरलो होतो, ती आता समोरून येत होती, सरळ माझ्या छातीच्या रोखाने, आणि माझ्यापासून एका काचेच्या जाडीवर थांबत होती. आरशाची मागची लाकडी फळी माझ्या बरगड्यांना लागत होती. मी आरसा किंचित खाली केला, अगदी केसभर, तिची नजर वरून निसटून माझ्यापर्यंत येते का बघायला.

“हलू नका, झायफर्ट,” ती आरशाला म्हणाली.